कॉम्प्युटर वर राहील

बारदान्याच्या दुकानात तूस उडतं. पोतं झटकलं की उडतं, गठ्ठा सोडला की उडतं, कोणी नुसतं पोत्यांच्या थप्पीला टेकून उठलं तरी उडतं. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानात दुपारी रस्त्याकडून उन्हाची तिरीप आत यायची आणि तिच्यात हे तूस तरंगताना दिसायचं. बाबांच्या भुवयांवर, मुनीमजींच्या टोपीवर, गणपतीच्या तसबिरीवर, टेलिफोनवर, सगळीकडे सारखंच बसलेलं. ज्यूटचे धागे तुटून तुटून झालेली ही धूळ चिमटीत धरू गेलं तर हाती काही लागत नाही, पण नाकात गेली की शिंकांवर शिंका. १९९८ साली आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला, तो दुकानासाठी घेतलेला असूनही घरात राहिला, तो या तुसापायी.

इतवारीत दुकान आणि घर या दोन जागा असल्या तरी इमारत एकच असते. खाली दुकान, मागे गोदाम, वर माणसं. दोघांच्या मध्ये एक अरुंद, अंधारा जिना आणि त्याला धरायला दोर. जिन्याचे कायदे कोणी लिहिलेले नव्हते पण पाळले जायचे कडक. मुनीमजी वर येत नसत. बायका दुकानातून बाहेर पडत नसत. आम्ही मागच्या बोळातून निघायचो आणि वळसा घालून शहीद चौकाकडे यायचो, आपल्याच दुकानासमोरून ओळख नसल्यासारखं जायचो. चहा वरून खाली जायचा. पैसे खालून वर यायचे, घरखर्चाचे, महिन्याच्या महिन्याला, आईच्या हातात मोजून. त्यापलीकडे दुकानात काय चाललंय, कोणाचं किती येणं, कोणाचं किती देणं, यातलं अक्षरही जिना चढत नसे. आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, धंदा बरा चालून राहिला. सगळ्याच बायका तेच सांगत. मस्कासाथेत, सराफ्यात, गांधीबागेत, जिथे जिथे खाली गादी आणि वर संसार होता तिथे बहुधा हेच चालत असावं.

तेव्हा बारदान्याचे दिवस तसे ओढाताणीचे होते. धान्य आणि साखर ज्यूटच्याच पोत्यात भरावी असा कायदा १९८७ साली झाला होता, तरी प्लॅस्टिकचे कट्टे बाजारात शिरले होते ते शिरलेच होते. धान्याचा मोठा व्यवहार कळमन्याच्या मार्केटकडे गेला होता, आणि नव्या मालाइतकाच जुन्या पोत्यांचा धंदा करावा लागे: गोळा करायची, झटकायची, दाभणाने शिवून घ्यायची, पुन्हा विकायची. थोडक्या नफ्याचा आणि पुष्कळ उधारीचा धंदा. उमरेड, भिवापूर, मौदा, काटोल, चारी दिशांना पार्ट्या, आणि प्रत्येकाचं खातं मुनीमजींच्या लाल कापडाच्या वहीत नाही तर त्यांच्या डोक्यात. बाबांच्या सीएने सांगितलं, आता हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्या, टॅली. शेजारच्या दोन दुकानांत आलं होतंच. मी कॉमर्सला होते आणि बर्डीवरच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकत होते, त्यामुळे चालवणार कोण हा प्रश्न आधीच सुटलेला होता. पगार न घेणारा माणूस घरातच होता.

यंत्र असेंबल्ड होतं. पेंटियम, १६६ मेगाहर्ट्‌झ, १६ एमबी रॅम, २.१ जीबीची हार्ड डिस्क, १४ इंची रंगीत मॉनिटर, विंडोज ९५. चाळीस हजारांच्या वर गेलं सगळं मिळून, प्रिंटर आणि यूपीएस वेगळे. पहिल्या कॉम्प्युटरची आठवण निघाली की माझ्या पिढीचे लोक, त्यातही पुरुष, हे आकडे श्लोकासारखे म्हणून दाखवतात. मलाही येतात पाठ. पण त्या यंत्राने आमच्या घरात जे केलं त्यात या आकड्यांचा काहीच हात नव्हता. तो सगळा हात यंत्र बसवायला आलेल्या इंजिनियर पोराच्या एका बोटाचा.

खोके हमालाच्या डोक्यावरून उतरले, बाबांनी गादीशेजारी जागा करून ठेवली होती, मुनीमजी तोंड फिरवून बसले होते. त्या पोराने खोका उघडण्याआधी काउंटरवरून बोट फिरवलं आणि बाबांसमोर धरलं.

"भाऊ, हे आत पंख्यात जाऊन बसलं ना, तर वर्षभरही नाही टिकणार मशीन."

बाबांनी त्या बोटाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मग कॉम्प्युटर वर राहील."

एवढंच. इतवारीत मोठे निर्णय असेच होतात, गिऱ्हाईक समोर उभं असताना.

वर कुठे ठेवायचा हेही आम्ही ठरवलं नाही, भिंतीने ठरवलं. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग असलेला एकच धड पॉइंट होता, फ्रिजसाठी काढलेला, स्वयंपाकघराला लागून असलेल्या मधल्या खोलीत. फ्रिज सरकला. कूलरही त्याच खोलीच्या खिडकीला होता. पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या दिवसांत कूलरशिवाय माणूस जगत नाही, पण कूलरची ओली हवा यंत्राला चालेल का, यावर घरात बराच खल झाला. शेवटी तोंड जरा तिरपं करून हवा माणसांवर आणि यंत्र कोरडं, अशी तडजोड निघाली. आईने जुन्या पडद्याचं झाकण शिवलं, मॉनिटरला एक, कीबोर्डला एक. चपला बाहेर काढायच्या, हा नियम आजीचा. क्लासातल्या कॉम्प्युटरच्या खोलीतही तसंच असतं हे मी सांगितल्यावर तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

तर असं ते यंत्र आमच्या पोळपाटापासून हाकेच्या अंतरावर येऊन बसलं. पुढे केव्हातरी वाचलं, की १९६९ साली अमेरिकेत नीमन मार्कस नावाच्या महागड्या दुकानाने आपल्या कॅटलॉगात हनीवेल कंपनीचा किचन कॉम्प्युटर विकायला ठेवला होता. किंमत १०,६०० डॉलर. पाककृती साठवायच्या, पुढे भाजी चिरायला फळी, आणि यंत्राशी बोलायचं ते बटणं खालीवर करून. ते शिकायला बाईने दोन आठवड्यांचा कोर्स करायचा. एकही विकला गेल्याचा पुरावा नाही. ज्याने तो योजला त्याला वाटलं असणार की बाई स्वयंपाकघरात असते, तर तिला यंत्राकडूनही स्वयंपाकच हवा असेल. आमच्या यंत्रात वरणाची कृतीसुद्धा नव्हती. त्यात होती उधारी.

ती त्यात कशी शिरली, ते मात्र सावकाश सांगते. वही खाली लिहिली जायची, कॉम्प्युटर वर होता. म्हणजे रोज संध्याकाळी वहीला वर यावं लागणार, आणि मुनीमजींचं अक्षर मुनीमजींशिवाय कोणाला वाचता येत नसल्यामुळे मुनीमजींनाही. पहिल्या दिवशी ते जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले आणि खोकले. आईने डोक्यावर पदर घेतला. आजीने "या ना बाप्पा" म्हटलं, तेव्हा आत आले. खुर्ची दिली तर तिच्यावरही मांडी घालूनच बसले, वही मांडीवर. माझा जन्म व्हायच्या आधीपासून ते आमच्याकडे होते आणि आमची मधली खोली ते पहिल्यांदा पाहत होते. डोळे वर न करता पाहत होते.

वहीत छापलेल्या रेघा नसतात. पान घडी घालून त्याचे सळ पाडलेले असतात, तेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पार्टीने पैसे दिले की डावीकडे, माल नेला की उजवीकडे. मी टॅलीत एका पार्टीचं खातं उघडून त्यांना दाखवलं तर त्यात डेबिट आधी आणि क्रेडिट नंतर. मुनीमजींनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे उलटं लिहून राहिलं ना, बेटा."

मी क्लासातलं उत्तर दिलं, की अशीच पद्धत असते. त्यांनी विचारलं, का असते? मला एफ पाच म्हणजे पेमेंट, एफ सहा म्हणजे रिसीट, एफ सात म्हणजे जर्नल हे झोपेत विचारलं तरी आलं असतं, पण याचं उत्तर क्लासात कोणी दिलं नव्हतं आणि मागितलंही नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस मग शिकवणी उलटी झाली. यंत्र माझं, हिशेब त्यांचा. माल गेला तर कोण देणेकरी झालं, पैसा आला तर कोणाच्या नावाने, एका रकमेला दोन घरं का लागतात. विंग्रजी पद्धत डावी-उजवी बदलते पण दोन घरं तिलाही लागतात, हे एकदा पटल्यावर मुनीमजींचा यंत्रावरचा राग गेला. ते म्हणाले, ज्याने हे बनवलं त्याच्या घरी वही असली पाहिजे. आणि ते खरंच होतं. टॅली ज्याने लिहिलं त्या भरत गोयंकांनी ते १९८६ साली लिहिलं ते वडिलांसाठी. श्यामसुंदर गोयंकांचा कारखान्यांना आणि गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता, हिशेबाला जमेल असं सॉफ्टवेअर बाजारात मिळेना, तर त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला सांगितलं, तूच कर. हे मला फार उशिरा कळलं. मुनीमजींना सांगायला ते तेव्हा नव्हते.

रोजचं काम असं चाले. मुनीमजी वाचत, मी टंकत असे. ते मोठ्याने वाचत, कारण पेढीवर वाचायची तीच रीत. "भिवापूर. बी-ट्विल, दोन गठ्ठे, नावे. काटोल. जुना माल, जमा रोख." आवाज खर्जातला, खणखणीत. आणि भिंतीपलीकडे आई पोळ्या लाटत असे. दाराला पडदा होता पण पडद्याने आवाज कुठे अडतो. जे आकडे इतकी वर्षं जिना चढले नव्हते ते आता रोज संध्याकाळी सात वाजता, नावा-गावासकट, तिच्या कानावर घातले जात होते, आणि यात कोणालाच काही वावगं दिसलं नाही. बाबांना नाही, मुनीमजींना नाही. मलाही नाही, माझं सगळं लक्ष बोटांकडे.

माझ्या भावाला विचाराल तर तो वेगळाच कॉम्प्युटर सांगेल. त्याच्या लेखी ते यंत्र म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया आणि डेव्ह. शाळेतून आला की ओळीतले चार पोट्टे घेऊन बसायचा, एकाच्या हातात बाण, बाकीचे ओरडायला. मारबतीच्या दिवशी तर कमालच. तान्ह्या पोळ्याला काळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक इतवारीतून निघते, पिवळीची जागनाथ बुधवारीतून, आणि आमची गॅलरी वर्षानुवर्षं नातेवाइकांनी आणि नातेवाइकांच्या नातेवाइकांनी भरून जाते. खाली रस्त्यावर इडापीडा नेणाऱ्यांचा कल्लोळ, बडग्यांवरून हशा, गुलाल, आणि त्या वर्षी अर्धी गॅलरी आत, मधल्या खोलीत, पडद्यावर आपोआप फिरणारी विटांची भुलभुलय्या पाहत बसलेली. तो नुसता स्क्रीनसेव्हर होता. आजी वैतागून म्हणाली, मारबत वर्षातून एकदा येते, हे डबडं कुठं पळून जाऊन राहिलं?

लाइट जायची. कोराडी आणि खापरखेड्याची विजेची धुराडी शहराच्या वेशीवर धूर सोडत असताना आमच्याकडे लाइट जायची, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. यूपीएस किंचाळायला लागला की आधी टॅली, मग विंडोज बंद करायचं, आणि मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं येईपर्यंत थांबायचं: आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. त्या काळच्या कॅबिनेटचं बटण हातानेच दाबावं लागे. आजीला ती अक्षरं वाचता येत नव्हती पण रंग कळत होता. "झालं नारिंगी, वाढव आता," असं ती पलंगावरून म्हणायची, दुकानाला म्हणतात तसंच.

माघ उलटून गेल्यावरची गोष्ट. मुनीमजी वाचत होते, भिवापूरच्या एका पार्टीचं नाव आलं, पुन्हा नावे. बाबा तिथेच पेपर वाचत होते. म्हणाले, उद्या फोन करतो त्याला, माल बंद करू, दिवाळीपासून दमडी आली नाही.

पडद्यामागून आई म्हणाली, "दिवाळीपासून नाही. संक्रांतीला आले होते पाच हजार."

लाटणं थांबलेलं नव्हतं. मुनीमजींनी पानं मागे उलटली. मी खातं उघडलं. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, रोख, पाच हजार, जमा.

"त्यांच्या लेकीचं लग्न होतं माघात," आई पुढे म्हणाली, "मिरचीचे पैसे त्याच्यात गेले असतील. चैत्रापर्यंत थांबा, बुडवणारं घर नाही ते. बुडवेल तर तो काटोलचा बुडवेल. रोख देतो म्हणता, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी देऊन राहिला."

बाबांनी पेपर खाली ठेवला. त्या शांततेत कोणी काय बोलायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण असं याआधी घडलेलं नव्हतं. बोलले मुनीमजी. पडद्याकडे न पाहता, वहीकडे पाहून म्हणाले, "वहिनी बरोबर बोलून राहिल्या, भाऊ."

आईला काय येत होतं आणि आम्हाला काय येत नव्हतं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आमच्याकडे आकडे होते. तिच्याकडे माणसं होती. हळदीकुंकवाला, बारशाला, मयताला, लग्नाच्या पंगतीत तिला जे कळायचं ते दुकानात कधी पोचत नसे, कारण विचारायचंच कोणी नाही. कोणाच्या घरात भाऊ वेगळे होताहेत, कोणाची सून माहेरी गेलीय, कोणी बायकोच्या बांगड्या मोडल्या. सराफ्यात मोडलेल्या बांगड्यांची बातमी बायकांना आधी लागते. उधारीच्या धंद्यात याहून मोलाची माहिती कुठली असेल? आकडे वर येईपर्यंत तिला ती कशाला जोडावी हे ठाऊक नव्हतं.

त्यानंतर ती पडद्याच्या अलीकडे येऊन बसू लागली. आधी शेंगा सोलायला, मग नुसतीच. इंग्रजी तिला शाळेपुरतं यायचं, पार्ट्यांची नावं ती सुरुवातीला आकारावरून ओळखायची. आउटस्टँडिंगची यादी कशी काढायची ते तिने मला विचारलं नाही, माझ्या खांद्यावरून पाहून घेतलं. एका रविवारी दुपारी मी उठून आले तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत होता आणि कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद जमिनीवर घड्या पडत उतरत होता. आईने त्यावर निळ्या पेनाने खुणा केल्या होत्या. कुठे बरोबरची, कुठे फुली, एका नावापुढे नुसतं लिहिलं होतं: आजारपण.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पेच पडला. सरकारने १९८९ पासून सगळ्यांचं हिशेबाचं वर्ष मार्चअखेर केलं असलं तरी वहीपूजन दिवाळीलाच होतं, खाली गादीवर, आणि त्या एका संध्याकाळी बायकांना जिना मोकळा असतो. पण आता हिशेब वर होता. कॉम्प्युटर काही खाली आणता येईना, त्याला सोडूनही चालेना. मग बाबांनी खाली वहीची पूजा केली आणि वरची आईवर सोपवली. तिने कीबोर्डवर झाकणावरूनच हळदकुंकू वाहिलं, आत सांडू नये म्हणून, आणि मॉनिटरच्या कपाळावर स्वस्तिक काढलं. त्याचा पिवळट डाग शेवटपर्यंत राहिला.

पुढचं पटापट सांगता येईल. मी लग्न होऊन पुण्याला आले. मुनीमजी थकले, मग गेले. काटोलच्या पार्टीचं काय झालं ते सांगत नाही. त्यांची माणसं अजून इतवारीत येतात. १ एप्रिल २००५ ला राज्यात व्हॅट लागू झाला, पावत्यांचा आणि परताव्यांचा पसारा वाढला, आणि बाबांनी नवा कॉम्प्युटर घेतला. या वेळी दुकानातच काचेची केबिन केली, एसी लावला, दाराला रबराची पट्टी लावली, की तूस आत यायला नको. जुना पेंटियम भंगारात गेला. मधल्या खोलीत पुन्हा फ्रिज आला.

सगळ्यांना वाटलं, झालं, हिशेब आपल्या जागी गेला. बाबांनी एक शिकलेला पोरगाही ठेवला. तो महिनाभर बसला. मग आई जिना उतरली आणि त्याला म्हणाली, तू पावत्या कर, उधारी मी पाहते. बाबांना तिने विचारलं की नाही, याबद्दल दोघांच्या दोन कथा आहेत.

मी उन्हाळ्यात गेले तेव्हा ती केबिनमध्ये खुर्चीवर बसली होती, पदर डोक्यावर नाही, खांद्यावर. उमरेडहून एक माणूस आला, पासष्टीचा, धोतर-टोपीतला. काचेतून आत डोकावला, मग इकडे तिकडे पाहिलं.

"शेठ नाहीत का?"

"आहेत ना, गोदामात. तुम्ही बोला."

"नाही, माल पाहिजे होता. बी-ट्विल, तीन गठ्ठे. शेठले ठाऊक आहे, आपलं खातं आहे."

आईने नाव विचारलं. अर्धं नाव सांगून होईस्तोवर तिची दोन बोटं चालली आणि तिने पडद्यावर नजर टाकली.

"खातं आहे. मागचे बत्तीस हजार आहेत त्याच्यात. तीन नाही, एक गठ्ठा नेता येईल आज. दोन पुढच्या खेपेला, पैसे आणले की. बसा, पाणी सांगते. आणि वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, कशा आहेत आता?"